यादीबाहेरचं

भालचंद्र कापडणीस गेला,
आणि तेराव्यानंतर त्याच्या मुलाने मला दुकानात बोलावलं.
भद्रकालीतलं दुकान: टर्पेंटाइन, लांबी, ब्रश, पॉलिश पेपर.
माळ्यावर पॉलिश पेपरच्या गठ्ठ्यांमागे
आमची एकेचाळीस चित्रं,
प्रत्येक प्लास्टिकमध्ये एक डांबरगोळी.

वैजू गायधनीचं कापडपेठेतलं ऊन.
शिरूडेचा नारोशंकर, घंटा त्याला शेवटपर्यंत जमली नाही.
इस्माईल कोकणीच्या भाजीवाल्या, सगळ्या पाठमोऱ्या.
माझा होळकर पूल सात वेळा,
त्यात एकदा कमान एक जास्त.

रविवारी सहाला घाटावर जमायचो.
जानेवारीत गोदेवरून वाफ उठायची,
कागद वाळायचा नाही,
आकाश ओघळून पुलात शिरायचं.
आम्ही भांडायचो:
सावली काळी की निळी?
जांभळी, म्हणायची वैजू, डोळे आहेत ना तुम्हाला?
कापडणीस चहा सांगायचा. चित्र काढायचा नाही.
उठताना कुणाच्यातरी ओल्या कागदाकडे बोट करायचा:
हे मला दे. फुकट नको.
शिरूडेचं भाडं थकलं तेव्हा
त्याचा पार फसलेला सूर्योदय
याने तिप्पट भावाने घेतला.

एकदा गिऱ्हाईक नसताना
गल्ल्याखालून त्याने एका पुस्तकाचं सुटं पान काढलं.
पॅरिसमधली रिकामी खोली,
उघड्या अंगाची तीन माणसं गुडघ्यांवर,
लाकडी फरशी तासतायत,
आणि खिडकीतून उजेड असा सरपटत आलेला
की पाठी ओल्या वाटाव्यात.
कायबॉत, म्हणाला. नाव त्याच्याही जिभेवर अडखळत होतं.
सरकारी प्रदर्शनाने हे परत पाठवलं, मास्तर.
मग त्याने मोनेच्या टोळीत लावलं.
(दृक्प्रत्ययवादी, असं मी शाळेत फळ्यावर लिहायचो,
'क्प्र' एकाही पोराला धड लिहिता आलं नाही.)
पैसेवाला होता. मित्रांची भाडी भरायचा,
कुणी घेत नव्हतं ती चित्रं घ्यायचा.
जाताना सगळी सरकारला देऊन गेला,
सरकार म्हणालं, इतकी नकोत.

आम्ही हसलो होतो तेव्हा.

आता बिलबुकात त्याची यादी सापडली,
कार्बन घालून, दोन प्रतींत:
नाव, तारीख, दिलेले पैसे.
खाली एक ओळ, वाचनालयाला द्यावीत.
चिटणीस भला माणूस. भिंतीची ओल दाखवली,
म्हणाला, दहा-बारा ठेवू,
तुम्हीच चांगली निवडा ना सर.

चांगली.
त्या रात्री मी एकेचाळीस कागद
घरभर पसरून बसलो.
जास्तीची कमान मोजली. ती अजून उभीच.
एकही बाजूला काढता येईना,
अगदी तो फसलेला सूर्योदयसुद्धा.

सकाळी पोरगा आला, हार्डबोर्डचा तुकडा घेऊन.
काका, हे यादीत नाही. काउंटरच्या मागे
खिळ्याने ठोकलेलं होतं, वर कॅलेंडर.

तैलरंग. गंगापूर रोडचा कुठलातरी नवा बंगला.
दोन माणसं, गुडघ्यांना गोणपाट,
पॉलिशच्या मशीनची वायर सापासारखी दारापर्यंत,
फरशीवर राखाडी चिखल,
आणि ग्रिलचे चौकोन त्या चिखलात पडून
जागोजाग मोडलेले.
मशीन धरलेला, तो पालखेडचा लक्ष्या,
उधारीवर पेपर न्यायचा.
त्याचे दंड अजून थरथरतायत.
हात जरा आखूड झालेत.

सावली मात्र जांभळी.
म्हणजे ऐकत होता लेकाचा,
चहाचे पैसे मोजता मोजता.

त्या फ्रेंच माणसानेही आपल्या यादीत
स्वतःचं एकही चित्र लिहिलं नव्हतं,
हे कापडणीसने तेव्हा सांगितलं नाही.
मी परवा वाचलं.

काका, हे कुणाचं? पोराने विचारलं.
मी लगेच नाही बोललो.
आधी एक ओलं फडकं मागितलं,
नीट पिळून.